दूधवाला पळाला होता

दुपारच्या खेळाला सगळं थिएटर रडत असताना बॅटरीबाई हसली.

हसली म्हणजे गालातल्या गालात नव्हे. आधी नाकातून एक फुसका आवाज आला, तो तिने खोकून दाबायला पाहिला, आणि मग दाबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. ती मागच्या दाराशी, जाड पडद्याला पाठ टेकून उभी होती. समोर एक देखणा तरुण दूधवाला पुलाच्या मधोमध छातीवर गोळी झेलून गुडघ्यांवर आला होता. दुधाचा कॅन कलंडला होता, पांढरं दूध दगडांच्या फटींतून वाहत होतं आणि त्यात हळूहळू लाल रंग मिसळत होता. संगीत थांबलेलं होतं. प्रेक्षकांना हुंदका द्यायला जागा मिळावी म्हणून दिग्दर्शकाने ती शांतता मुद्दाम मोकळी ठेवली होती. त्या मोकळ्या जागेत बॅटरीबाईचं हसू ऐसपैस जाऊन बसलं.

माना वळल्या.

"कोण आहे ती?"

"लाज नाही वाटत हसायला?"

"बाहेर काढा आधी!"

आता गडबड करणाऱ्याला बाहेर काढायचं काम ज्या बाईचं, तिला बाहेर काढणार कोण? शेवटी ती आपली आपणच पडदा सारून बाहेर गेली आणि कँटीनचा काउंटर धरून पोट दुखेपर्यंत हसली.

कँटीनवाला कप विसळत होता. "बाई, आत तर रडायचा सीन चाललाय ना?"

"आजोबा मेले," ती डोळे पुसत म्हणाली.

त्याने कप खाली ठेवला. चेहरा गंभीर केला. "अरेरे. कधी?"

"आत्ताच. पुलावर. तीन आठवडे झाले, रोज चार-चार वेळा मरतायत."

खरं तर तीन आठवडे तिने निभावून नेलं होतं. तो सीन आला की ती कोटाची बाही दातांत धरायची. त्या दुपारी घात केला तो शेवटच्या रांगेतल्या एका बाईने. दूधवाला पडल्याबरोबर ती बाई शेजारणीला रडत रडत म्हणाली, "बिचाऱ्याचं अजून लग्नसुद्धा झालं नव्हतं गं." आणि बॅटरीबाईच्या डोळ्यांपुढे आजोबा आले. त्यांची पाच मुलं, त्या मुलांची मुलं, आणि जेवणानंतर खुर्चीत बसून पोटावरून हात फिरवत ढेकर देणारे ते म्हातारे गृहस्थ. त्यानंतर बाहीचा काही उपयोग झाला नाही.

ती या थिएटरात आली ती झाडूवाली म्हणून. दोन खेळांच्या मधल्या वेळात रांगांखालचा कचरा काढायचा, एवढंच काम. पुढे एकदा डोअरकीपर आजारी पडला, त्या वेळच्या मॅनेजरांनी तिच्या हातात बॅटरी दिली, आणि ती पुन्हा कोणी परत मागितली नाही. म्हाताऱ्या डोअरकीपरने बरा झाल्यावर तिला या धंद्याचा एकच नियम शिकवला. उजेड पायांवर टाकायचा, तोंडावर कधीच नाही. अंधारात माणूस कसलं तोंड करून बसलाय ते त्याचं त्याला माहीत. आपण बघायचं नाही. गडबड करणाऱ्याच्या पायांवर एकदा उजेड टाकला म्हणजे गप्प बसा. दोनदा टाकला म्हणजे उठून बाहेर या. एक शब्द बोलावा लागत नाही. बॅटरी पायांवर पडली की माणूस पाय आत ओढून घेतो, मग तो गल्लीतला दादा असो की सरकारी साहेब.

इतक्या वर्षांत तिने हा नियम मोडला नव्हता. त्यामुळे गावातली अर्धी माणसं तिला चेहऱ्यापेक्षा चपलांवरून जास्त ओळखू येत. आणि क्रांतीतल्या पहिल्या लढाईवरचा हा सिनेमा लागल्यापासून तिने पायांचे जे प्रकार पाहिले, ते आजवर पाहिले नव्हते. सकाळच्या खेळाला शाळेची पोरं यायची; त्यांचे पाय जमिनीला टेकायचेच नाहीत, तोफ उडाली की सगळे एकदम हवेत. निवृत्त शिपाई पाय जुळवून बसायचे आणि बंदूक कशी चुकीची धरलीय ते एकमेकांना सांगायचे. संध्याकाळी कारखान्यातून आलेले लोक पहिली गोळी सुटेपर्यंत पाय पसरून झोपायचे. आणि दूधवाला पडला की पुरुष खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागायचे. इतक्या नाड्या एकाच वेळी कशा सुटतात, असं तिने कँटीनवाल्याला विचारलं होतं. "चांगल्या कंपनीच्या नसतील," तो म्हणाला होता.

आता तिच्या घरात सांगितली जाणारी हकिकत.

आजोबा त्या वेळी पोरसवदा होते, सडपातळ. रोज पहाटे खांद्यावर आडवी काठी, काठीच्या दोन टोकांना दोन कॅन, असे पूल ओलांडून पलीकडच्या वस्तीत दूध घालायला जायचे. त्या दिवशी धुकं होतं. पुलाच्या मध्यावर पोचले आणि पाहतात तो समोर राजाच्या शिपायांची रांग. मागे वळले तर मागे गावातली माणसं, हाताला लागेल ते घेऊन आलेली. आणि आजोबा बरोब्बर मधोमध, दोन्हीकडच्यांना अडचण करत उभे. कोणीतरी ओरडलं, कोणीतरी गोळी झाडली. आजोबांनी काठी फेकली. एक कॅन नदीत गेला. दुसरा मात्र, का ते त्यांना स्वतःलाही कधी सांगता आलं नाही, त्यांनी छातीशी कवटाळला आणि धूम ठोकली. कठड्यावरून उडी, काठावरचा चिखल, वीटभट्ट्या, कातडी कमावणाऱ्यांचे हौद, असा अख्ख्या गावाला वळसा घालून ते घरी पोचले. त्यांच्या आईने दार उघडून पोराला आत ओढलं, कॅनचं झाकण काढलं आणि आत बघतच राहिली.

दुधावर लोणी आलं होतं.

किती आलं होतं यावर घरात मतभेद होते. आजोबा सांगायचे तेव्हा लिंबाएवढं असायचं. त्यांची थोरली मुलगी, म्हणजे बॅटरीबाईची आत्या, सांगते तेव्हा कलिंगडाच्या आसपास जातं. पण लोणी आलं यावर एकमत होतं, आणि ते भाकरी-पावाला लावून त्याच सकाळी सगळ्यांनी खाल्लं यावरही.

क्रांती जिंकली. नवं सरकार आलं. त्या पहाटे पुलावर हजर असलेल्यांना बिल्ले द्यायचं ठरलं, आणि एक साहेब आजोबांच्या दारात आले.

"त्या दिवशी तुम्ही पुलावर होतात?"

"होतो," आजोबा म्हणाले, "पण निघालो होतो."

"म्हणजे लढाईत भाग घेतलात."

"घेतला की. पळायचा."

साहेबांनी आणखी दोनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं. माणूस भला होता, बिल्ला द्यायला आला होता. आजोबांनी तिन्ही वेळा तेच सांगितलं. बिल्ला मिळाला नाही. गल्लीने मात्र घराण्याला 'लोणीवाले' असं नाव बहाल केलं, आणि ते बिल्ल्यापेक्षा जास्त टिकलं.

सिनेमावाल्यांना यातलं काय कळलं असेल ते असो. पुलावर एक दूधवाला होता, एवढं त्यांच्या कानावर गेलं असावं. बाकीचं त्यांनी मारून मुटकून बसवलं.

हसण्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हे मॅनेजर बाहेरगावचे, गेल्या वर्षी आलेले. आवाज न चढवता बोलायचे, आणि ते बोलून झाल्यावर आपल्याला ओरडा बसला हे माणसाला बाहेर आल्यावर कळायचं.

"बाई, स्मारक समितीचे अध्यक्ष काल आत बसले होते. त्यांचे सख्खे काका त्या पुलावर गेले. खरे गेले. त्यांच्या कानात तुमचं हसू पडलं."

 हे बॅटरीबाईला माहीत नव्हतं. अध्यक्ष म्हणजे बाजारातले लोखंडवाले व्यापारी. त्यांचे तपकिरी बूट ती ओळखत होती. पहिल्या आठवड्यापासून ते बूट जवळजवळ रोज येत होते, नेहमी कडेच्या खुर्चीत.

"त्यांना हसले नाही मी," ती म्हणाली.

"मग कोणाला हसलात?"

"आमच्या आजोबांना. ते दूधवाले."

मॅनेजर खुर्चीतून अर्धे उठले. मग खाली बसले. मग त्यांचा चेहरा असा उजळला की जणू हाउसफुल्लचा बोर्ड लागला. समिती दूधवाल्याच्या वारसांना शोधत होती, रविवारी सकाळी खास खेळ ठेवला होता, मध्यंतरात वारसांचा सत्कार, फुलांचा गुच्छ, मानपत्र. वारस सापडला होता तो दूधकेंद्रवाला. म्हणजे तो तुमचा?

"धाकटा भाऊ."

"अहो, मग प्रश्नच मिटला!" मॅनेजर म्हणाले. "तुम्ही हसलाच नाहीत. तुम्हाला हुंदका आला. सख्ख्या आजोबांना गोळी लागताना बघून नातीला हुंदका आला. अंधारात हुंदका काय आणि हसू काय, कोणाला कळतंय?"

"मला कळतं."

"तुम्हाला कळून काय उपयोग? रविवारी भावाबरोबर स्टेजवर या. दोन वाक्यं बोला. मी हसले नाही, मला रडू आवरलं नाही. लोक तुम्हाला डोक्यावर घेतील, अध्यक्षांचं समाधान होईल, माझी सुटका होईल. आणि नाही म्हणालात, तर सोमवारपासून बॅटरी दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल. मला तसं करायचं नाहीये, बाई. तुम्हीच बघा."

ती लगेच नाही म्हणाली नाही, हेही सांगायला हवं. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे जिना चढताना करकरतात, आणि अंधारात लोकांना खुर्ची दाखवण्यापलीकडे दुसरं काम येत नाही. "बघते," म्हणाली आणि बाहेर आली.

ती राहायची भावाच्या दूधकेंद्राच्या वरच्या दोन खोल्यांत, आत्याबरोबर. त्या संध्याकाळी भाऊ वर आला तोच हसतमुखाने. खाली दुकानावर रंगारी बोर्ड रंगवत होता. 'हुतात्मा' एवढं लिहून झालं होतं, 'दूध केंद्र' उरलं होतं.

"ताई, मॅनेजर भेटले. सगळं जमवलंय त्यांनी. तू फक्त तोंड उघडू नकोस, म्हणजे उघड, पण त्यांनी सांगितलंय तेवढंच."

"आजोबा पळाले होते," ती म्हणाली.

"माहीत आहे! मला सांगतेस?" भावाने दार लावून घेतलं. "शाळेत धावण्याच्या शर्यतीत मी पहिला आलो तर मास्तर काय म्हणाले आठवतंय? घराण्याचा गुण आहे म्हणाले. अख्खी शाळा हसली. गिऱ्हाईक अजून विचारतं, काय लोणीवाले, आज कुठवर पळून आलात? आणि आता तेच लोक दुकानात येऊन हात हातात घेतात. समोरचा बेकरीवाला, तो गुर्मीतला, तो काल उठून उभा राहिला मला बघून. उभा राहिला, ताई! आजोबांना काय फरक पडतो? ते गेलेच आहेत ना? कसे गेले याने काय बिघडतं?"

"झोपेत गेले. तुझं पांघरूण अंगावर होतं त्यांच्या."

"मग झोपेतच पुलावर गेले असं समज."

"कोण गेलं पुलावर?" आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला.

आत्याला दिसायचं बंद झालं होतं, पण गल्लीच्या टोकाला कुजबुजलेलं तिला ऐकू यायचं. नव्वदीला टेकली होती. काठी टेकत दारात येऊन उभी राहिली.

"धाकट्या, बाबांना पिक्चरमध्ये घातलंय म्हणे. खालचा रंगारी सांगत होता. रविवारी मला घेऊन चल."

"आत्या, तुला दिसणार कसं?"

"तू सांग की कानात. नाहीतरी तुझी बडबड ऐकतेच ना मी दिवसभर?" मग तिने मान वाकडी करून हळूच विचारलं, "पळतानाचं दाखवलंय का रे? वीटभट्ट्यांवरून?"

भावाने बहिणीकडे पाहिलं. "दाखवलंय, दाखवलंय," तो म्हणाला.

बॅटरीबाई ताटं मांडायला उठली. त्या रात्री जेवताना बोलली ती एकटी आत्याच, आणि तिच्या तोंडी लोणी कलिंगडाच्याही पुढे गेलं.

रविवारी सकाळी थिएटर दाराच्या चौकटीपर्यंत भरलं. बॅटरीबाई कोटाची बटणं घासून आली होती. स्टेजच्या कडेला गुच्छ पाण्याच्या बादलीत ठेवले होते. पहिल्या रांगेच्या कडेला तपकिरी बूट, त्यांच्यापलीकडे मॅनेजर. भाऊ आणि आत्या चौथ्या रांगेत, मधल्या वाटेला लागून. आत्याने केस नीट विंचरून घेतले होते आणि काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली होती, गाडीत बसल्यासारखी.

दिवे गेले. भाऊ आत्याच्या कानाशी लागला. मागे दाराशी उभ्या बॅटरीबाईला त्याची कुजबूज तुटक तुटक ऐकू येत होती. आता धुकं आहे. आता पूल दिसतोय. आता शिपाई आले, लांब कोट घातलेत. आता आजोबा आले बघ, दोन कॅन आहेत. आत्या मान डोलवत होती.

पहिली गोळी सुटली. नेहमीप्रमाणे टाळ्या पडल्या. दूधवाल्याने काठी खाली ठेवली, एक पाऊल पुढे टाकलं आणि दोन्ही हात पसरून शिपायांसमोर उभा राहिला. दुसरी गोळी. तो गुडघ्यांवर आला. कॅन कलंडला. संगीत थांबलं. पुरुष नाड्या बांधायला वाकले.

भावाची कुजबूज थांबली.

त्या शांततेत आत्याचा खणखणीत आवाज आला. "पुढे? पळाले का?"

कोणीतरी 'शू' केलं.

"अरे सांग ना धाकट्या. पळाले का बाबा?"

भाऊ खुर्चीत घसरत घसरत जवळजवळ दिसेनासा झाला. शेवटी मागच्या रांगेतल्या एका माणसाला राहवलं नाही. "आजी, मेला तो."

"कोण मेला?"

"दूधवाला. गोळी लागली ना."

आत्याने थोडा विचार केला. "लग्नाआधीच?"

"हो, आजी. बसा आता शांत."

"अहो, मग मी कुठून आले?"

दोघंतिघं फसकन हसले. बाकीचे चिडले. "म्हातारीला गप्प करा!" "डोअरकीपर कुठे गेली?" पहिल्या रांगेत मॅनेजर उभे राहिले आणि अंधारातच हाताने खूण केली: इकडे या, ह्यांना आवरा. तपकिरी बूटही वळले होते.

काम तिचं होतं. ती मधल्या वाटेने खाली उतरली. चौथ्या रांगेशी थांबली. तिच्या बॅटरीची वाट सगळेच पाहत होते. एकदा पायांवर, फार तर दोनदा. आत्याचे पाय तिच्यासमोर होते, काठीच्या दोन बाजूंना जुळवून ठेवलेले, फुगीर घोट्यांचे. सकाळी या पायांत तिनेच मोजे चढवले होते.

बॅटरीबाईने बॅटरी वर उचलली आणि उजेड सरळ आत्याच्या तोंडावर टाकला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या थिएटरात अंधारातलं एक तोंड सगळ्यांना दिसलं. सुरकुतलेलं, दात नसलेलं, ओठ किंचित उघडे, उत्तराची वाट बघणारं. आत्याला ऊब जाणवली असावी. तिने तोंड उजेडाकडे वळवलं.

"ही बघा," बॅटरीबाई म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "रडायचं त्यांनी खुशाल रडा, पण आधी हिला बघा. ही त्या दूधवाल्याची मुलगी. लढाईनंतर तीन वर्षांनी झालेली. हिचा बाप पुलावर मेला नाही. पळाला. पळाला म्हणून ही आहे, मी आहे आणि तो खुर्चीखाली शिरलाय तो माझा भाऊ आहे."

वर ऑपरेटरने मशीन बंद केलं. त्याला काय वाटलं कोण जाणे. दिवे लागले आणि पडद्यावरचा दूधवाला फिका पडून नाहीसा झाला.

मग सगळेच एकदम बोलायला लागले. बाल्कनीतून कोणीतरी ओरडलं, "लोणीवाले!" आणि तिकडे हशा पिकला. एक बाई म्हणाली, पैसे देऊन आम्ही काय भांडण बघायला आलोय? निवृत्त शिपायांतला एक उठला आणि हात वर करून म्हणाला, "पहिल्या गोळीला सगळेच पळतात. मीही पळालो होतो आमच्या वेळी. मागून परत येतो माणूस. तुमचे आजोबाही आले असतील परत."

त्याने चांगल्या मनाने दोर टाकला होता. तिने तो धरला नाही.

"नाही आले," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवसापासून खालच्या पुलाने दूध घालायला लागले. लांब पडायचा, तरी तिथूनच."

तपकिरी बूट उठून वाटेत आले. अध्यक्षांचा चेहरा तिने नीट पाहिला तो त्या दिवशी. डोळे लाल होते, आणि ते खरे लाल होते.

"माझे काका त्या दगडांवर पडले," ते म्हणाले. "त्यांना घरी आणायलासुद्धा मिळालं नाही. त्यांच्यासाठी येऊन बसतो मी इथे. आणि तुम्ही हसता. माफी मागा. इथे, आत्ता."

मॅनेजर मागून खुणा करत होते. हुंदका, हुंदका, असं तोंडाने आवाज न करता म्हणत होते.

"तुमच्या काकांना मी हसले नाही," बॅटरीबाई म्हणाली. "ते कुठे आहेत या पिक्चरमध्ये? मला दाखवा, मी दाराशी उभी राहून रोज चार वेळा रडेन. जो मेला त्याला यांनी घेतलाच नाही. जो जगला त्याला मारला. वर मी त्याच्यासाठी रडले म्हणून सांगायचं? मी रडले नाही. हसले. बिल्ला घेऊन साहेब आले तेव्हा आजोबांनी खोटं सांगितलं नाही, ते मी गुच्छासाठी सांगू?"

 अध्यक्ष, तिला नव्हे, मॅनेजरांना उद्देशून म्हणाले, "माफी नाही तर ही बाई इथे नको." आणि बाहेर निघून गेले. त्यांच्यामागे दार आपटून आपोआप मिटलं.

"झालं का भांडून?" आत्याने विचारलं. "मग लोण्याचं सांगितलंस का?"

"राहिलं."

"तेच तर सांगायचं असतं गं," असं म्हणून तिने मागच्या रांगेकडे तोंड वळवलं आणि सुरुवात केली. मॅनेजर मध्ये पडेपर्यंत ती वीटभट्ट्यांपर्यंत पोचली होती. सत्कार झाला नाही. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा अर्धी माणसं अजून एकमेकांना विचारत होती की दुधाचं लोणी खरंच इतक्यात येतं का.

बॅटरी तिने त्याच दुपारी केबिनमध्ये नेऊन टेबलावर ठेवली. मॅनेजर म्हणाले, "मी तुम्हाला वाट करून दिली होती, बाई."

"दिली होती," ती म्हणाली. मग बॅटरी पुन्हा उचलली, झाकण फिरवलं, दोन्ही सेल काढून कोटाच्या खिशात टाकले आणि रिकामी बॅटरी परत ठेवली. "सेल माझे आहेत. थिएटरने कधी घेऊन दिले नाहीत."

भाऊ आठवडाभर बोलला नाही. बोर्ड 'हुतात्मा' एवढ्यावरच थांबला होता. त्याने त्यावर पांढरा रंग मारून घेतला. बेकरीवाला उठून उभा राहायचा बंद झाला. पण गिऱ्हाइकं आता दुधाबरोबर लोणी मागायला लागली, कोणी चेष्टेने, कोणी खरोखर, आणि दोन्ही प्रकारच्यांना सारखंच लोणी लागतं हे भावाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्याने लोणी ठेवायला सुरुवात केली. ताईशी मात्र बोलला नाही. वरच्या खोलीत लोणी पाठवायचा, ते आत्याच्या नावाने.

पुढच्या आठवड्यात बॅटरीबाई दुपारच्या खेळाला गेली. कोट नव्हता. खिडकीवर रांगेत उभी राहून तिकीट काढलं. तिकिटवाल्याने नुसतीच मान हलवून फुकट आत जा असं सुचवलं, तर तिने पैसे आत सरकवले. शेवटच्या रांगेत वाटेला लागून बसली, पाय लांब करून. बॅटरी आता कँटीनवाल्याच्या हातात होती. त्याला अजून नीट धरता येत नव्हती. उजेड भिंतीवर, छतावर, लोकांच्या पोटांवर फिरायचा.

धुकं आलं. पूल आला. शिपाई आले. पहिली गोळी सुटली, टाळ्या पडल्या. दूधवाल्याने हात पसरले आणि तो गुडघ्यांवर आला. पुरुष खाली वाकले. पुढच्या रांगेतली एक बाई रडायला लागली आणि मधेच थांबून शेजारणीला म्हणाली, "हाच ना गं तो, पळालेला?"

संगीत थांबलं. मोकळी जागा आली.

बॅटरीबाई हसली. कोटाची बाही नव्हती, आणि असती तरी तिने धरली नसती. मनापासून, मान मागे टाकून, आजोबा हसायचे तशी हसली.

वाटेवरून पावलं आली. कँटीनवाला तिच्या खुर्चीशी वाकला. "बाई, मागे मॅनेजरसाहेब उभे आहेत हो. मला टाकावी लागते."

"टाक की. खाली धर, तोंडावर नको."

थरथरता उजेड तिच्या पायांवर पडला. जुन्या चपला, घोट्यापाशी फाटलेला मोजा. सगळ्या थिएटरात असे पाय आजवर एका क्षणात आत ओढले गेले होते.

तिने पाय होते तिथेच ठेवले आणि हसणं पुरं केलं. मग पडद्याकडे बघत दुसऱ्या उजेडाची वाट पाहिली. तो काही पडला नाही.